तीन इसा न् नऊ

आमच्या 'गणित आणि मतदार' या पुस्तिकेच्या सहाव्या पानावरची एक ओळ निळ्या पेनाने खोडलेली आहे. उरलेल्या प्रत्येक प्रतीवर, हाताने. काही वाचकांनी काळजीने विचारलं, कुणाचा दबाव आला का? आला. पण तो मंत्रालयातून आला नाही, परंडा तालुक्यातल्या एका माळावरून आला. ही त्या सहा दिवसांची हकिकत.

ती खोडलेली ओळ अशी होती: "ज्याला गणित येत नाही तो मत देत नाही, मत देऊन टाकतो."

ओळ लिहून झाली तेव्हा मी खूष होऊन खुर्चीतून उठले होते. आमच्या घरात अशा ओळींना किंमत असायची. वडील गिरणीतल्या संघटनेची पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि मी त्या घड्यांवर बसून दाबायची. वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळे जगात दोनच बाजू असतात आणि एक चांगलं वाक्य त्यांच्यात भिंत उभी करतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. सरासरीच्या आड लपणारे, टक्केवारीने तोंड बंद करणारे, गुळगुळीत आकडे फलकावर रंगवणारे यांच्याविरुद्ध आम्ही ती पुस्तिका काढली. त्यातल्या रागाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शिक्षिकेचं, ओळींना वळण लावणारं. "पुस्तिका वाचली. मुलांनाही वाचून दाखवली. पान सहा चुकलं आहे. पत्राने सांगता येणार नाही. येऊन बघा. थंडी आहे, स्वेटर आणा." खाली नाव होतं सुनंदा माळी, गाव परंड्यापासून तासाभरावर. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाने तशी अट घातलेली नाही, पण चूक माझी आणि नाव त्यांचं, हे बरं दिसत नाही.

परंडा

कुर्डुवाडीहून एसटीने परंड्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. बाई स्टँडवर आल्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, खांद्याला शबनम. मी वाकणार तोच म्हणाल्या, "पाया पडू नका, चुका काढायला बोलवलंय तुम्हाला."

"कुणाच्या?"

"ते ठरेल."

पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्यांनी मला किल्ल्यात नेलं. खंदक, जाड तट, पडून राहिलेल्या तोफा. मी पत्रकबाजाच्या सवयीने म्हणाले, "बघा, ज्यांच्याकडे मोजायची विद्या होती त्यांनी हे बांधलं आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी दगड वाहिले."

बाई तटाच्या एका दगडाजवळ थांबल्या. त्यावर पाथरवटाने छिन्नीने खूण केली होती. "दगड वाहणाऱ्याला किती दगड झाले ते माहीत नव्हतं, असं वाटतं तुम्हाला?" एवढंच बोलल्या आणि चालू लागल्या. मला राग आला.

संध्याकाळी त्यांच्या घरी हुलग्याची शेंगोळी जेवले. आमच्या सांगलीकडे हुलगे म्हटलं की पहिल्यांदा बैल आठवतात. इथे हुलग्याच्या पिठाचे बोटाएवढे वळे लसणाच्या रश्श्यात शिजवतात आणि वर शेंगदाण्याची चटणी घेतात. दोन वाट्या झाल्यावर बाईंनी विचारलं, "तिसरी?" आणि मी नाही म्हणायच्या आत वाढली.

सोनारी

दुसऱ्या दिवशी रविवार, शाळेला सुट्टी. बाईंना सोनारीला काळभैरवनाथाला जायचं होतं. मी देवाला जात नाही, पण गर्दीला जाते. देवळाच्या आवारात भाविकांपेक्षा माकडं जास्त, आणि भाविकांपेक्षा धीटही. मी पायरीवर बसून पुस्तिकांचा गठ्ठा सोडला, चारदोन लोकांना द्याव्यात म्हणून. एक म्हातारं माकड आलं, वरची प्रत उचलून कळसाच्या बाजूला चढलं आणि एकेक पान काढून चाखू लागलं.

"पहिला वाचक मिळाला," बाई म्हणाल्या.

नारळवाली खालून ओरडली, "अवो ताई, त्याला गोड लागंना बगा! थुकतंय!"

येताना बाईंनी गावातला तंटा सांगितला. तो इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गावाला पाण्याची एक नवी टाकी मंजूर झाली होती. गाव खाली आहे, आणि अर्ध्या कोसावर उंच माळावर मेंढपाळांची वस्ती. टाकी माळावर बांधली तर पाणी उताराने दोन्हीकडे जाईल. खाली मारुतीच्या देवळाजवळ बांधली तर गावाला मिळेल, माळावर चढणार नाही. मग माळावरच्या बायका आज जातात तशाच उद्याही घागरी घेऊन उतरतील आणि चढतील. टाकी कुठे, ते बुधवारच्या विशेष ग्रामसभेत हात वर करून ठरणार होतं.

"मग गावाला माळ का नको? पाणी तर दोघांना मिळतंय."

"टाकी माळावर गेली की चावी माळावर. पाणी सोडायचं कधी, ते माळ ठरवणार. गावाला तेवढा विश्वास नाही."

आमच्या सांगलीत पाणी न बोलावता घरात शिरतं. पुराच्या वर्षी आम्ही पुस्तकं माळ्यावर चढवतो. एका चावीसाठी अख्खं गाव दोन बाजूंना बसतं, हे मला आतून कळायला वेळ लागला.

शाळा

सोमवारी आणि मंगळवारी मी बाईंच्या चौथीच्या वर्गात मागे बसले. पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर गुणाकार केला आणि हातचा धरायला विसरल्या. मी हळूच खुणावणार, इतक्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"बाई, दावा की!"

मग सगळा वर्ग. "दावा की! दावा की!"

बाईंनी खडू खाली ठेवला आणि एकेक पायरी करून दाखवू लागल्या. चूक सापडली तशी पोरांनी टाळ्या पिटल्या. नंतर कळलं, बाई रोज एक चूक मुद्दाम करतात. आणि मुलांनी "चुकलं" म्हणायचं नाही, "दाखवा" म्हणायचं. इकडच्या बोलीत दावा. म्हणजे चूक बाईंची निघो की मुलाची, दाखवणाऱ्यालाही पाहावं लागतं आणि विचारणाऱ्यालाही.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "कोर्टातला दावा आणि हा दावा, शब्द एकच झाला तुमच्याकडे."

"निजामाच्या राज्यातली माणसं आम्ही. कोर्टाचे शब्द घरात वापरतो." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "इतिहासाच्या तासाला मी सांगते ते खरं, कारण मी तिथं नव्हते आणि पोरंही नव्हती. गणिताच्या तासाला मी दाखवते तेवढंच खरं. नऊ वर्षांची पोर मला उठून म्हणू शकते, बाई, थांबा. दुसऱ्या कुठल्या तासाला तिला हे म्हणता येतं? घरी म्हणता येतं? ग्रामसभेत?"

हे मला पटलं. पण मला वाटलं, हेच तर मी लिहिलंय! गणित शिकवा, मग लोक विचारतील. पान सहा चुकलं कुठे?

"बुधवारी बघा," बाई म्हणाल्या.

ग्रामसभा

सभा शाळेच्या पटांगणात भरली. डावीकडे गाव, उजवीकडे माळ, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. सरपंच शांत माणूस, टेबलाशी बसलेले. ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणत होते. गावाच्या बाजूने बोलायला नामदेव बप्पा. पांढरी टोपी, मिश्कील डोळे. माळाच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या भामाआजी, बाईंच्या वर्गातल्या एका मुलीची पणजी. डोक्यावरून पदर, हाताला गोंदण, पाठ ताठ.

भाषणं झाली. बप्पा म्हणाले, "माळावरच्या लोकांचं आमचं काय वाकडं न्हाय. पर ज्याच्या हाती चावी त्याच्या हाती पाणी. उद्या मेंढरं पेली की मग आमी का?"

आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आज तुमची म्हसरं पेली की मग आमी. ते चालतंय व्हय, बप्पा?"

दोन्हीकडून हसू आलं. मग हात मोजायचे ठरलं. भाऊसाहेब रांगांतून फिरून मोजणार, पण फळ्यावर लिहायचं कुणी? गावाच्या माणसाला माळ नको म्हणे, माळाच्या माणसाला गाव. बाई सरकारी नोकर, त्या स्वतःच बाजूला झाल्या. बप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "पाव्हणी लिहील. तिचं हितं ना रान ना भावकी. शिवाय गणितावर पुस्तक लिवलंय म्हणं."

मी फळ्याशी उभी राहिले. खरं सांगते, मला तो मान वाटला.

भाऊसाहेब गावाच्या बाजूने मोजत मोजत पार मागे गेले. पोरं रडत होती, कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला होता. त्यांनी मागूनच ओरडून आकडा सांगितला: "एकोणसत्तर!" मी लिहिलं. मग माळाची बाजू: "चौऱ्याहत्तर!" मी लिहिलं. सरपंचांनी फळा वाचला. "गाव एकोणऐंशी. माळ चौऱ्याहत्तर. टाकी देवळाजवळ."

गावाच्या बाजूने टाळ्या झाल्या. बरीच माणसं उठलीसुद्धा. हुरड्याचे दिवस, रानात पाहुणे आलेले. माळाच्या बाजूला बायकांनी पदर सावरले आणि उठायच्या तयारीत गुडघ्यावर हात ठेवले.

"कसं काय?" भामाआजींचा आवाज आला. "गावाचं तीन इसा न् नऊ हाईत. म्या मोजल्यात."

त्यांनी ओटीतून तीन खडे काढून समोर ठेवले. दर वीस हातांना एक खडा. वर नऊ बोटं. इसा म्हणजे वीस. आजी मेंढरं विसांनी मोजतात, माणसंही तशीच मोजली होती.

"म्हातारे, मेंढरं न्हाईत ही," बप्पा म्हणाले.

"मेंढरं असती तर एवढा कालवा केला नसता. दावा की."

सरपंचांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब मधे दुसऱ्या बाजूचे हात मोजून आले होते. त्यांनी फळ्याकडे बघितलं, कपाळ चोळलं. "मी... एकोण... काहीतरी म्हणालो होतो खरं."

तीन इसा म्हणजे साठ. साठ आणि नऊ. मी फळ्यावरचा माझा आकडा पुन्हा वाचला. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, पाचवीपासून गणित इंग्रजीत. एकोणसत्तर ऐकलं की माझ्या कानाला सत्तर पकडता येतं, आणि एकोण म्हणजे नुसते वरचे नऊ वाटतात. सत्तर आणि नऊ. मी एकोणऐंशी लिहिलं होतं. आयुष्यभर ही चूक मी दुकानात, फोन नंबर घेताना करत आले होते आणि हसण्यावारी नेत होते.

कुणाला काहीच कळलं नव्हतं. दोनतीन श्वास मी गप्प उभी राहिले. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते. मग म्हणाले, "चूक माझी आहे. भाऊसाहेब एकोणसत्तर म्हणाले. मी सत्तरवर नऊ लिहिले."

मला वाटलं, मी कबूल केलं म्हणजे मिटलं. पण बप्पा म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं, "पाव्हणे, मगाशी तू म्हणलीस म्हणून आमी जितलो. आता तू म्हणतीस म्हणून हरायचं? तू बाईंची पाव्हणी, बाई माळावरच्या पोरास्नी लई जीव लावत्यात. तुझ्या म्हणण्यावर का चालायचं?"

माझी कबुलीही पुन्हा विश्वास ठेवा असंच सांगत होती. मी कितीही प्रामाणिक असले तरी त्यांच्या डोळ्यांसमोर काही ठेवत नव्हते. शिकलेल्या माणसाची ही खोड आहे. चुकतो तेव्हा आपल्यावर विश्वास ठेवा म्हणतो, आणि चूक सुधारतो तेव्हाही.

"मग परत मोजा," माळावरचा एक तरुण उठून म्हणाला. "आत्ताच मोजा. जी गेली ती गेली."

भामाआजी त्याच्याकडे वळल्या. "खाली बस. गेल्याली बोलवून आणा आधी."

"आजी, ती आली तर आपण..."

"मागं ऱ्हायलेलं मेंढरू सोडून कळप मोजत्यात का रं? तेवढ्यासाठी मोजायचं की."

तो बसला. दोघं मोटरसायकलवर गेले. आम्ही सगळे तासभर उन्हात थांबलो. कुणीतरी हुरड्याची परात आणली आणि ती मधल्या जागेतून दोन्हीकडे फिरली. गरम कोवळी ज्वारी, वर खारा शेंगदाणा. मी परात तशीच पुढे सरकवली. बप्पा मला म्हणाले, "खा, पाव्हणे. चुकली म्हणून उपाशी ठेवत न्हाय आमी."

गेलेली माणसं आली, आणि येताना तीन जास्तीची घेऊन आली. माळावरून ओरड झाली, "ही मगाशी नव्हती!" भाऊसाहेबांनी यादी पाहिली. तिघंही गावचे मतदार होते. आजींनी नुसता हात हलवला. बसू द्या.

या वेळी कुणी रांगांतून फिरलं नाही. आजींनी सांगितलं आणि बाईंच्या वर्गातल्या मुलांनी पांढऱ्या फक्कीने जमिनीवर रेघा ओढल्या. एका रेघेवर वीस माणसं. वीस झाली की पुढची रेघ. फळा नको, आवाज नको. जो कुणी उभा राहील त्याला दिसेल. गाव बसलं: तीन भरलेल्या रेघा, चौथीवर बारा. माळ बसला: तीन भरलेल्या रेघा, चौथीवर चौदा.

बप्पा उठले. माळाच्या रेघांवरून स्वतः चालत गेले, प्रत्येक डोक्याजवळ क्षणभर थांबत. चौथ्या रेघेच्या टोकाला पोचले, टोपी काढली, परत घातली.

"तीन इसा न् चौदा," ते म्हणाले. "टाकी माळावर."

मग आजींकडे वळून: "चावी मातर दोन. एक खाली, एक वर."

"दोन काय, तीन करा," आजी म्हणाल्या. "एक पाव्हणीला द्या. तिला मोजता यीत न्हाय, तवा ती पाणी चोरायची न्हाय."

सगळं पटांगण हसलं. मीही हसले, थोड्या उशिरा.

माळ

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी बाई मला माळावर घेऊन गेल्या. चढ छातीवर येणारा. अर्ध्या वाटेत मला दम लागला, आणि माझ्या डोक्यावर घागर नव्हती. वर पोचलो तर बप्पा आधीच हजर, गवंड्याला घेऊन. गवंड्याकडे पाण्याने भरलेली लेव्हलची नळी होती. माळ खरंच किती उंच, ते त्यांना स्वतः बघायचं होतं. "सांगत्यात सगळीच," ते मला म्हणाले. "म्या म्हणलं, दावा."

भामाआजींच्या झोपडीसमोर बसून आम्ही मेंढीच्या दुधाचा चहा घेतला. दाट, किंचित उग्र. मी पाठीवरची पिशवी काढली तसा पुस्तिकांचा गठ्ठा बाहेर आला. आजींनी एक प्रत हातात घेतली, उलटसुलट केली.

"ह्यात काय हाय?"

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "पान सहा वाचून दाखवा."

मी बाईंकडे पाहिलं. त्या आपल्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. मला वाचायचं नव्हतं. पण जे वाचून दाखवता येत नाही ते छापायचं कशाला, असं वडील म्हणायचे. मी वाचलं. "ज्याला गणित येत नाही तो मत देत नाही, मत देऊन टाकतो."

आजींनी ऐकलं. समोर मेंढरं वाड्यातून बाहेर पडत होती. त्यांची पणती दारात उभी राहून मोजत होती, आणि आजींची बोटंही, बोलता बोलता, अंगठ्याने पेरं दाबत तिच्या मागोमाग चालली होती.

"कुनी म्हनलं ह्ये?"

"मीच, आजी."

"असं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात टोमणा नव्हता. खरोखर बघायचं होतं त्यांना.

"दावा की मग."